गोल ओंडका, चौकोनी हिशेब



आपल्या चंद्रपूरचा वसंत किती दिवसांचा असतो हे मी आपणांस सांगावे असे नाही. होळी विझली की पंखा सुरू होतो, आणि व्याख्यानमालेचे नाव वसंताचे असले तरी श्रोते येतात ते सूर्य बुडाल्यावरच. अशा हवेत गणितावर व्याख्यान ठेवण्याचे धाडस चालकांनी केले आहे. फळा आणि खडू मी मुद्दामच मागितला नाही. विषय वर्तुळाचा आहे, आणि वर्तुळ सर्वांनी पाहिलेले आहे.

तरी प्रारंभ वर्तुळापासून न करता ओंडक्यापासून करतो. बल्लारशाच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोत आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. सागवानाचे ओंडके ओळीने मांडलेले असतात. मोजणारा मनुष्य ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळतो, घेर घेतो, लांबी घेतो आणि वहीत घनमीटर लिहितो. ते घनमीटर तो कसे काढतो? घेराचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. भारतातल्या वनखात्यांच्या डेपोंतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही रीत आहे. तिचे मूळ इंग्लंडात आहे. एडवर्ड हॉपस नावाच्या गृहस्थाने १७३६ साली मोजमापाचे एक पुस्तक छापले, त्यातल्या कोष्टकांवरून तिला हॉपसचे नाव पडले आणि इंग्रजी अमलाबरोबर ती इकडच्या जंगलात आली.

एक हिशेब करून पाहू. घेर १२० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर. घेराचा चौथा हिस्सा ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर. त्याचा वर्ग ०.०९, गुणिले ३. वहीत आले ०.२७ घनमीटर. आता शाळेत शिकलेल्या रीतीने हेच करू. ओंडका गोल आहे, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले चार पाय. उत्तर येते सुमारे ०.३४४ घनमीटर. म्हणजे झाडात जेवढे लाकूड आहे त्याचा ७८.५ टक्के भाग वहीत चढला आणि २१.५ टक्के भाग वहीबाहेर राहिला. ओंडका लहान असो वा मोठा, हे प्रमाण बदलत नाही. गाळलेला भाग दर वेळी तोच, जवळजवळ पंचमांशाहून थोडा अधिक.

कोणी म्हणेल, ही तर सरळ लूट झाली. तसे एकदम म्हणू नये. गोल ओंडका करवतीखाली घातला की चारी बाजूंचे पाठे निघतात, भुसा होतो, साल जाते. ती घट आधीच धरून ठेवण्याची ही युक्ती आहे. गोल छेदातून जास्तीत जास्त मोठा चौरस काढला तर तो छेदाच्या ६३.७ टक्केच भरतो, तेव्हा ७८.५ टक्के धरणारा व्यापारी काही अगदीच निर्दय नव्हे. शिवाय घेणारा आणि देणारा दोघेही त्याच मापाने बोलत असतील आणि भावही त्याच मापावर ठरला असेल, तर कोणाचेच नुकसान नाही. नुकसान होते ते दोन मापे एकमेकांत मिसळली म्हणजे. बांधावरचे साग विकणारा शेतकरी घरी मुलाकडून शाळेच्या सूत्राने अंदाज काढतो, बाजारात भाव विचारतो, आणि प्रत्यक्ष मोजणी घेराच्या चौथ्या हिश्श्याने होते. मग त्याला वाटते की आपला अंदाज चुकला किंवा मोजणाराने फसविले. दोन्ही खरे नसते. दोघांचे पाय निराळे असतात, एवढेच.

हा 'पाय' म्हणजे वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले प्रमाण. आता डेपोच्या सूत्राकडे पुन्हा पाहा. घेराचा वर्ग भागिले सोळा. शाळेच्या सूत्रात घेराचा वर्ग भागिले चार पाय. दोन्ही शेजारी ठेवली की दिसते, डेपोतल्या माणसाने पायच्या जागी ४ हा अंक घातला आहे. त्याला हे ठाऊक असो वा नसो, त्याच्या वहीत पाय म्हणजे चार.

आपल्याकडे पायच्या निरनिराळ्या किमती वापरण्याची परंपरा जुनीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत दोन दिल्या आहेत: सूक्ष्म हवी असेल तर ३९२७ भागिले १२५०, आणि व्यवहाराला चालेल अशी स्थूल हवी असेल तर २२ भागिले ७. पहिली ३.१४१६ येते. दोन्ही एकाच खऱ्या संख्येच्या जवळ जाणाऱ्या आहेत. एक अधिक जवळ, एक थोडी दूर. परंतु चार? चार म्हणजे पायची फारच ओबडधोबड किंमत, असे आपण म्हणणार. आज मला एवढेच सांगायचे आहे की तसे नाही. चार ही खऱ्या पायची वाईट नक्कल नसून दुसऱ्या एका वर्तुळाचा अगदी अचूक पाय आहे.

दुसरे वर्तुळ ते कसले? वर्तुळ म्हणजे मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंची रेघ, ही व्याख्या आपण पाठ केली. त्या व्याख्येत 'अंतर' हा शब्द आहे, आणि ते कसे मोजायचे याबद्दल व्याख्या गप्प आहे. सागवानाच्या लागवडीत उभे राहा. रोपे दोन मीटर बाय दोन मीटर अशी चौकटीत लावलेली आहेत. पावसाळ्यानंतर मध्ये काटेकुटे माजले आहे, तिरपे जाता येत नाही. ओळीओळीनेच चालावे लागते, पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण. अशा ठिकाणी अंतर म्हणजे जितके पूर्वेला गेलो आणि जितके उत्तरेला गेलो त्यांची बेरीज. आता शंभर मीटर चालून कोठेकोठे पोचता येईल? पूर्वेला शंभर मीटर, उत्तरेला शंभर मीटर, किंवा पन्नास पूर्वेला व पन्नास उत्तरेला. हे सारे बिंदू जोडले तर आकृती निघते ती कोनावर उभ्या केलेल्या चौरसाची. हेच त्या लागवडीतले वर्तुळ. त्याचा परिघ किती? परिघही त्याच रीतीने मोजायचा, येथे फसू नये. पूर्वेच्या टोकापासून उत्तरेच्या टोकापर्यंत जायला शंभर मीटर पश्चिमेला आणि शंभर मीटर उत्तरेला चालावे लागते, म्हणजे दोनशे. अशा चार बाजू, आठशे. व्यास दोनशे. प्रमाण चार. शेषही उरत नाही.

बुद्धिबळाचा राजा कसा चालतो ते आठवा. त्याला आडवे, उभे, तिरपे, कोणत्याही दिशेने एक घर जाता येते. त्याच्या हिशेबात अंतर म्हणजे आडव्या आणि उभ्या अंतरांपैकी जे मोठे असेल ते. त्याचे वर्तुळ म्हणजे सरळ बसविलेला चौरस, आणि त्याचाही पाय चारच. डेपोतला मोजणारा ओंडक्याच्या छेदाला हेच वर्तुळ समजतो. त्याची चूक पायमध्ये नाही, ओंडक्याचा आकार धरण्यात आहे.

अंतर मोजण्याच्या अशा रीतीला गणितात नॉर्म म्हणतात. मात्र कोणतीही रीत नॉर्म होत नाही, तिला अटी आहेत. जागच्या जागी उभे असणे एवढ्यालाच शून्य अंतर म्हणायचे. त्याच दिशेने दुप्पट गेले तर अंतर दुप्पट, आणि उलट दिशेने तितकेच गेले तर अंतर तितकेच. मध्ये कोठे वळसा घेतला तर अंतर वाढेल किंवा तेवढेच राहील, कमी होणार नाही. आणि ही रीत साऱ्या मैदानात सारखी लागू. आपल्या मुलखात या अटी मोडणारी ठिकाणे भरपूर आहेत. नावेने प्रवाहाबरोबर जाणे आणि प्रवाहाविरुद्ध येणे ही दोन सारखी अंतरे नव्हेत, नावाड्याला विचारा. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते आणि वाटेने पोचता येत नाही. तेथे अंतर किती म्हणायचे? हे सगळे नॉर्मच्या बाहेरचे. नॉर्म हा सपाट, सगळीकडे सारख्या स्वभावाच्या जमिनीचा कायदा आहे.

असे कायदे असंख्य करता येतात. जी आकृती मध्यबिंदूभोवती दोन्ही अंगांनी सारखी आहे आणि जिला आत गेलेली खाच नाही, ती कोणत्या तरी नॉर्मचे वर्तुळ असतेच. हर्मान मिन्कोव्स्की या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे सर्व नीट मांडले. मग प्रश्न येतो: इतके नॉर्म, इतकी वर्तुळे, तर पायला काही मर्यादा आहे की नाही? एखादा नॉर्म असा निघेल काय, की ज्यात पाय सात येईल, किंवा दोन?

१९३२ साली स्तानिस्लाव्ह गोवॉम्ब या पोलिश गणितज्ञाने याचे उत्तर दिले. सपाट जमिनीवर कोणताही नॉर्म घ्या, पाय तीनपेक्षा कमी होत नाही आणि चारपेक्षा जास्त होत नाही. चार येतो तो वर्तुळ चौरस किंवा समांतरभुज चौकोन असेल तेव्हाच. तीन येतो तो वर्तुळ षट्कोनी असेल तेव्हाच, म्हणजे नियमित षट्कोन, किंवा तो एका अंगाला ओढून तिरपा केलेला.

षट्कोन पाहायला लांब जायला नको, मधमाशीचे पोळे पुरे. पोळ्यातले एक घर वर्तुळ समजा. नियमित षट्कोनाची बाजू मध्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराएवढीच असते, म्हणून परिघ सहा त्रिज्यांचा, म्हणजे तीन व्यासांचा. आणि तीनच्या खाली का जाता येत नाही त्याचे कारणही यातच आहे. कोणतेही वर्तुळ घ्या, त्याच्या काठावर त्रिज्येएवढी काठी टोकाला टोक लावून ठेवत गेलात तर बरोबर सहा काठ्यांनी फेरी पूर्ण होते. गोल वर्तुळात कंपासने हे आपण सर्वांनी केलेले आहे, कागदावर सहा पाकळ्यांचे फूल काढले आहे. ते फूल प्रत्येक नॉर्ममध्ये उमलते. वर्तुळाचा काठ त्या सहा काठ्यांच्या बाहेरून जातो, आणि बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा लहान कशी असेल?

आपला नेहमीचा ३.१४ या पट्ट्यात तीनच्या फार जवळ बसला आहे हे ध्यानात घ्या. मघाच्या ओंडक्यात चारऐवजी तीन घातला असता तर ०.३६ घनमीटर आले असते, खऱ्या लाकडापेक्षा थोडेसेच जास्त. अजून एक गंमत आहे. लागवडीतली बेरीज, गोल वर्तुळातली वर्गांची बेरीज, राजाचा मोठा आकडा, हे तिन्ही एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. बेरीज करण्यापूर्वी कितवा घात घ्यायचा, एवढाच फरक. या घराण्यात सर्वांत लहान पाय कोणाचा? २००० साली ॲडलर आणि टॅन्टन या दोघांनी दाखवले की तो आपल्या गोल वर्तुळाचाच. षट्कोन त्या घराण्यात नाही म्हणून हे जमते.

हे सारे खडूवाल्यांचे खेळ आहेत असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी शाळेची गोष्ट सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे, आणि त्यात शब्द आहे 'चालण्याचे अंतर'. हा शब्द लिहिणाऱ्याने नॉर्म सांगून ठेवला आणि मोठे काम केले. कारण नकाशावर पट्टी ठेवून एक किलोमीटर मोजले आणि वाट मात्र दोन काटकोनी दिशांनीच जात असली, तर सर्वांत वाईट स्थितीत, म्हणजे शाळा बरोबर ईशान्येला असेल तेव्हा, मुलाला १.४१४ किलोमीटर चालावे लागते. जाऊन येऊन दोनऐवजी २.८३. सहा वर्षांच्या मुलाच्या पायांना तो फरक कळतो. त्याच नियमांत दुर्गम प्रदेश, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी मर्यादा कमी करून मुलांचा धोका टाळावा असेही आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतल्या लोकांनी ते कलम आवर्जून वाचावे. पट्टीने अंतर काढणारा अधिकारी खोटे बोलत नाही. तो पाखराचा नॉर्म माणसाला लावतो.

हा १.४१४, म्हणजे दोनचे वर्गमूळ, आता पुन्हा भेटणार आहे. पायने वर्तुळाची एक बाजू मोजली. परंतु वर्तुळ कितपत गोल आहे आणि कितपत चौकोनी, हे सांगणारा आकडा निराळा हवा. पायवर विसंबता येत नाही. षट्कोनाचा पाय गोल वर्तुळापेक्षा लहान आहे, म्हणून षट्कोन वर्तुळापेक्षा अधिक गोल थोडाच म्हणणार! अमेरिकेतले रॉबर्ट जेम्स यांनी १९६४ साली या चौकोनीपणाचा विचार मांडला, आणि त्यावरून निघालेला आकडा आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो असा. दोघे जण एकाच खांबापासून एकेक कोस चालत जातात. दोघांमधले अंतर मोजा. मग दुसऱ्याने उलट दिशेने एक कोस जावे, आणि पुन्हा अंतर मोजा. या दोहोंपैकी लहान अंतर लिहून ठेवा. दिशा बदलून बदलून हे लहान अंतर जास्तीत जास्त किती करता येईल? साध्या जमिनीवर एक पूर्वेला व एक उत्तरेला गेला म्हणजे १.४१४ कोस, यापेक्षा जास्त नाही. सागवानाच्या ओळींत तेच दोघे दोन कोस दूर पडतात. षट्कोनात दीड. कोणत्याही नॉर्ममध्ये हा आकडा १.४१४ च्या खाली जात नाही आणि दोनच्या वर जात नाही. दोन आला की समजावे, ही मापाची रीत पूर्ण चौकोनी आहे.

याच जातीचा दुसरा आकडा यॉर्डान आणि फॉन नॉयमन यांच्या नावाचा. १९३५ साली या दोघांनी सिद्ध केले की समांतरभुज चौकोनाच्या कर्णांच्या वर्गांची बेरीज चारी बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असेल, तरच त्या नॉर्ममध्ये काटकोनाची भाषा बोलता येते. तो नियम किती मोडतो हे सांगणारा आकडा १ ते २ च्या दरम्यान असतो. गोल वर्तुळात १, सागवानाच्या ओळींत २. त्यावर अधिक वेळ घेत नाही.

हे आकडे कशाला लागतात? दोनच दिशांच्या जमिनीपुरते असते तर फारसे नाही. पण गणितात एक आलेखदेखील बिंदू समजता येतो. पावसाळ्यातली वैनगंगेची पातळी रोज, तासातासाला, क्षणाक्षणाला मोजली आणि रेघ काढली, की ती सबंध रेघ हा एक बिंदू. अशा जगाला दिशा असंख्य असतात. यंदाची रेघ आणि गतवर्षीची रेघ यांत अंतर किती? गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की काठावरच्या गावाला विचारायचे असते ते एकच, की जास्तीत जास्त फरक किती पडला. हा राजाचा नॉर्म. कालव्याच्या इंजिनियराला एकंदर पाणी किती कमी-जास्त झाले ते हवे. ही लागवडीतली बेरीज. आणि वर्गांची बेरीज घेणारा तिसरा. नदी तीच, अंतरे तीन.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा जिल्ह्यातल्याच एखाद्या अंगणात पसरा. नकाशावरचा एक बिंदू बरोबर त्याच जागेवर पडलेला असतो जी जागा तो दाखवितो. नकाशा कसाही फिरवा, असा बिंदू एक असतोच आणि एकच असतो. हा सिद्धांत स्तेफान बानाख या पोलिश गणितज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केला. त्याचा आधार इतकाच की नकाशात सर्व अंतरे ठराविक प्रमाणात आखडतात. पण अंतरे आखडली नाहीत, नुसती वाढली नाहीत एवढेच असेल, तर? तेव्हाही स्थिर बिंदू सापडेल काय? एखाद्या समीकरणाला उत्तर आहे की नाही, हे पुष्कळदा यावर ठरते. आणि असंख्य दिशांच्या जगात याचे उत्तर वर्तुळाच्या गोलाईवर अवलंबून निघाले. बेरजेच्या नॉर्ममध्ये, जेथे जेम्सचा आकडा पुरा दोन आहे, तेथे १९८१ साली ॲल्स्पॅक यांनी अशी हालचाल दाखविली की जी एकही अंतर वाढवीत नाही आणि तरी एकही बिंदू जागेवर राहू देत नाही. उलट २००६ साली स्पेनमधल्या तिघा गणितज्ञांनी सिद्ध केले की जेम्सचा आकडा दोनपेक्षा कमी असेल, मग तो १.९९ का असेना, तर खाच नसलेल्या, काठासकट घेतलेल्या, मर्यादित अशा कोणत्याही प्रदेशात अशा हालचालीला स्थिर बिंदू असलाच पाहिजे.

वर्तुळाला नावापुरती गोलाई असली तरी पुरते. दोनवर पोचलेल्या सगळ्याच जागा मात्र वाया गेलेल्या नाहीत. त्यांपैकी काहींत स्थिर बिंदू सापडतो, काहींत सापडत नाही, आणि नेमकी कोठे रेघ ओढायची हे अजून कोणास सांगता आलेले नाही.